साखरझोप

बेचाळीस वर्षं मी साखर मुठीनं मोजली.
राउमाच्या बेकरीत पहाटे तीनला भट्टी पेटायची
आणि पीठ मागेल तेवढी साखर, तेवढी वेलची.
तराजू काढायचा तो तपासनीस येणार असला की.
आता सिरिंजवरच्या एका रेघेसाठी
एकावर एक दोन चष्मे लागतात
आणि इर्यानं धरलेला दिवा.
सुईकडे ती बघत नाही. दिवा मात्र हलू देत नाही.

कानेलीला सर्दी झालीय.
एवढंच.
तीन शिंका, एक डोळा पाणावलेला, नाक चोंदलेलं.
पण वास नाही तर जेवण नाही,
आणि जेवण नाही तर सातच्या सुईचं काय करायचं,
हे कुठल्या मुठीत मावणार?

डॉक्टर सिर्कूचा आवाज रस्त्यावरून आला,
गाडी चालवत असावी.
पोटात काही नसताना पूर्ण डोस नको.
आज निम्मा. एकच युनिट.
दर दोन तासांनी कान टोचा.
चारच्या खाली गेली तर हिरड्यांना मध चोळा, मला फोन करा.
ओकायला लागली, मलूल पडली, तर थेट उचलून आणा.
मग म्हणाली, होईल ठीक, तौनो.
तुझ्या तोंडात साखर पडो, मी मनात म्हटलं
आणि जीभ चावली.
या घरात हा आशीर्वाद जपून द्यावा लागतो.

मोज्यात तांदूळ भरून गरम केला,
कानाला लावून धरला.
उजेडासमोर कानाची कड लाल होते
आणि तिच्यात एक शीर दिसते,
बर्चच्या कोवळ्या पानात असते तशी.
तिथंच, शेजारी, टोचायचं.
मोहरीएवढा थेंब.
यंत्र पाच आकडे उलटे मोजतं.
त्या पाच आकड्यांत
मी बेकरी विकल्याचं सुद्धा आठवून होतं.

आकडे जुन्या खातेवहीत लिहितो, मागच्या कोऱ्या पानांवर.
पुढच्या बाजूला अजून आहे:
शाळा, साठ बन, बाकी.
विधवा लेहतोनेन, राय पाव, पैसे घेऊ नयेत.
मागच्या बाजूला:
सात, अकरा पॉइंट चार. एक युनिट.
नऊ, नऊ पॉइंट आठ. हेरिंग कोमट करून दिली. बघितली नाही.
अकरा, साडेसात. शिंक.
एक, पाच पॉइंट दोन. इर्या म्हणते झोप. झोपलो नाही.

तीन.
तीन पॉइंट सहा.

वही बाजूला पडली.
कानेली पाय पोटाशी घेऊन बसलेली,
डोकं जरा डुलत होतं,
माझ्याकडे बघत होती की माझ्यामागच्या भिंतीकडे, कळेना.
बरणीचं झाकण घट्ट बसलेलं.
ज्या हातांनी मी पोती उचलली
त्या हातांना ते निघेना,
इर्यानं दिवा ठेवला आणि एका झटक्यात काढलं.
बोटावर मध. ओठ वर करून, हिरडीवर.
फोन इर्याच्या कानाशी. तिकडून सिर्कू, झोपेतली:
थांबा, पंधरा मिनिटं, पुन्हा टोचा.

पंधरा मिनिटं म्हणजे बनांची एक ताटली.
वास आला की काढायच्या, घड्याळ नको.
याला कसला वास?
चार पॉइंट एक.
पुन्हा मध.
पाच पॉइंट तीन.

बोटावर उरलेला मध मी सवयीनं चाटला.
गेल्या उन्हाळ्याचा. थोडा कडवट, हेदरचा.

साडेपाचला खिडकीखालून बर्फ लोटणारी गाडी गेली.
कानेली उठली, वाटीपाशी गेली,
हेरिंगला जीभ लावली. दोनदा.
तिसऱ्यांदा शिंकली, माशावरच,
आणि इर्याच्या मांडीवर जाऊन
साखरझोपेत गेली.
इर्याही बसल्या बसल्या.

मी वहीत लिहिलं: दोन वेळा चाटलं.
हे किती ग्रॅम, सिर्कू विचारेल.
सात वाजायला अजून तास आहे,
दवाखाना आठला उघडतो,
सिरिंज डब्यातच आहे.
कान गरम आहे का, हात लावून बघतो.
गरम आहे.